भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यायचा तर मुंबईत कुठला एरिया बरा? आठ महिने फिरून काढलेला आमचा रिव्ह्यू

लालबागची वडिलांची खोली रिडेव्हलपमेंटला गेली आणि त्या जागी मिळालेला फ्लॅट दादाने आणि मी 2024 च्या सुरुवातीला विकला, पैसे अर्धे अर्धे वाटून घेतले. माझा वाटा आणि आमची थोडी शिल्लक धरून सगळा खर्च पकडून एक कोटी पंधरा लाखाचं बजेट झालं. 82 च्या संपात गिरणी सुटल्यावर वडिलांनी मिळेल ती कामं केली पण ती खोली सोडली नाही, त्यामुळे हा पैसा चुकीच्या ठिकाणी अडकला असता तर मला झोप लागली नसती. म्हणून जून 2024 ते फेब्रुवारी 2025 मी आणि हे, आम्ही दोघं जवळजवळ दर रविवारी आणि नंतर मुद्दाम सुट्टी टाकून वर्किंग डेला सुद्धा फिरलो. आता पहिलं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपून दुसरं झालंय, म्हणून लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिले दोन महिने आमची चूक ही झाली की आम्ही स्वतःला राहायचंय अशा नजरेने घर बघत होतो. हवा कशी येते, देव्हारा कुठे बसेल, गॅलरीतून काय दिसतं. भाडेकरू या गोष्टी शेवटी बघतो. तो आधी बघतो की सकाळी ऑफिसला, हॉस्पिटलला, कॉलेजला पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, आणि पाणी किती वाजता येतं. हे डोक्यात बसल्यावर आम्ही उलटं चालू केलं, आधी ठरवायचं की इथे भाड्याने कोण राहील, नर्स की आयटीवाला की रिडेव्हलपमेंटमुळे बाहेर पडलेलं कुटुंब, आणि मगच त्या एरियात फ्लॅट बघायचा.

घोडबंदर रोडपासून सुरुवात करते कारण आम्हीपण तिथूनच केली, आणि बहुतेक सगळेच तिथून करतात कारण बजेटमध्ये नवाकोरा टॉवर तिथेच मिळतो. कासारवडवलीच्या पुढे वन बीएचके पंच्याहत्तर ऐंशी लाखात दाखवले, पोडियम, स्विमिंग पूल, क्लब हाऊस सगळं आहे. सॅम्पल फ्लॅट बघून आम्ही इतके खूश झालो की टोकन द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. माझा दीर म्हणाला, वहिनी, एकदा रात्री साडेआठला जाऊन खिडक्या मोजा. त्याच बिल्डरच्या शेजारच्या टॉवरला पझेशन मिळून वर्ष झालं होतं, आम्ही रस्त्यापलीकडे उभे राहून मोजलं, वीस मजल्यांची एक बाजू, एका मजल्यावर समोर चार खिडक्या, म्हणजे ऐंशी, त्यातल्या सत्तावीस खिडक्यांमध्ये दिवा होता. दुसऱ्या दिवशी एका ब्रोकरला मी भाडेकरू असल्यासारखा फोन केला तर त्या एकाच टॉवरमध्ये त्याच्याकडे सहा वन बीएचके रिकामे होते, सगळ्यांचा कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) सारखा, किचन सारखं, भाडं अठरा ते वीस हजार आणि "ताई, बसून बोलू, कमी होईल". चाळीस इन्व्हेस्टरना एकाच महिन्यात चावी मिळाली की चाळीसच्या चाळीस फ्लॅट एकाच महिन्यात भाड्याच्या बाजारात उतरतात, मग तुमच्या फ्लॅटमध्ये वेगळं काय, काहीच नाही, फक्त भाडं कमी करणं तेवढं हातात उरतं. त्यात रस्ता. मेट्रो 4 चं काम, गुजरातकडे जाणारे ट्रक, ठाणे स्टेशनला पोचायला सकाळी आम्हाला सव्वा तास लागला. उन्हाळ्यात टँकर. स्वतःला राहायला, दोघांपैकी एकाचं ऑफिस ठाण्यात असेल तर छान जागा आहे, मोकळी हवा आहे, मी नाव ठेवणार नाही. पण भाड्यासाठी निदान मेट्रो चालू होऊन लोक तिच्यात बसेपर्यंत तरी मी तिथे पैसे टाकणार नाही.

नवी मुंबईतलं उलवे पण असंच, फक्त तिथे स्वप्न मोठं. अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला सुरू झाला, नेरूळ उरण लोकल त्याच दिवशी पूर्ण झाली, विमानतळ येणार येणार म्हणून भाव चढलेले (विमानतळावरून विमानं उडायला लागली ती 2025 च्या डिसेंबरात). आम्ही गेलो तेव्हा भाव विमानतळाचा आणि भाडं गावाचं अशी अवस्था होती. दहा वर्षं थांबायची तयारी असेल तर तो वेगळा विचार, मला दरमहा हातात काहीतरी हवं होतं. आणि सिडकोची जमीन लीजवर असेल तर घर विकताना ट्रान्सफर चार्जेस द्यावे लागू शकतात, ते हिशोबात धरायला लोक विसरतात.

पवईबद्दल फार नाही लिहीत. भाडी चांगली आहेत, आयआयटी, मोठी ऑफिसेस, तलाव, पण आमच्या बजेटच्या बाहेर. चांदिवलीत एक दोन बघितले, जवळ स्टेशन नाही आणि जेव्हीएलआरला (जोगेश्वरी विक्रोळी लिंक रोड) संध्याकाळी जी रांग लागते ती बघून हे म्हणाले की पुढे चला.

परळ दादरला मात्र मन खूप ओढ घेत होतं, माहेरचाच भाग. भाड्याच्या दृष्टीने बघाल तर मुंबईत यापेक्षा पक्की मागणी कुठेच नाही असं माझं मत आहे. केईएम आहे, टाटा मेमोरियल आहे, वाडिया आहे. रेसिडेंट डॉक्टर, नर्सेस, टेक्निशियन यांना चालत जाता येईल अशी जागा लागते कारण ड्युटी रात्री दोनला सुद्धा संपते. आणि टाटाला देशभरातून पेशंट येतात, महिनोन् महिने केमो चालते, नातेवाईक रूम शोधत फिरतात, ते मी लहानपणापासून बघितलंय, आमच्या चाळीतल्या दोघातिघांनी पोटमाळे सुद्धा दिले होते. पण बजेटमध्ये ओनरशिपचा फ्लॅट मिळेना. आणि इथे एक सांभाळून राहायची गोष्ट. एका ब्रोकरने पागडीची खोली दाखवली, निम्म्या किमतीत, म्हणाला पस्तीस हजार भाडं आरामात येईल. पागडीची खोली तुम्ही घेता म्हणजे तुम्ही भाडेकरू होता, मालक नाही होत, आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर मालक त्यावरून तुम्हालाच बाहेर काढायला कोर्टात जाऊ शकतो. आमच्या वडिलांची खोली पागडीचीच होती म्हणून मला हे माहीत, बाहेरच्या माणसाला स्वस्त म्हणून मोह होणारच. राहायला घ्या, भाड्याने द्यायला घेऊ नका.

कुर्ला, कलिना, वाकोला. कागदावर सगळ्यात चांगला हिशोब या पट्ट्याचा येतो कारण बीकेसी, म्हणजे वांद्रे कुर्ला कॉम्प्लेक्समधली मोठी ऑफिसेस, हाकेच्या अंतरावर, भाडी चढी आणि किमती त्या मानाने कमी. आम्ही जुलैमध्ये मुद्दाम पावसात गेलो. कुर्ला पश्चिमेला एका बिल्डिंगच्या जिन्याखाली मीटर बॉक्स होता, तो जमिनीपासून चांगला छातीएवढा वर चढवलेला आणि खालच्या भिंतीवर जुनी पाण्याची काळपट रेघ. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "छब्बीस जुलाई के बाद ऊपर किया". 2005 चं 26 जुलै, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, मिठी नदी वर आली होती. आता दरवर्षी तसं होत नाही हे मान्य, पण दर पावसाळ्यात दोन तीन दिवस तळमजला आणि पार्किंग जातंच असं तिथले दुकानदार स्वतः सांगतात. तिसऱ्या मजल्याच्या वर, कागदपत्रं स्वच्छ आणि ओसी (पालिकेचा राहण्यायोग्य असल्याचा दाखला) असलेली बिल्डिंग मिळाली तर जरूर घ्या. आम्ही तीन बघितल्या त्यातल्या दोघींना ओसीच नव्हती. ओसी नसली की पाण्याचं बिल जास्त दराने येतं, लोन अडतं, आणि विकताना समोरचा त्याच मुद्द्यावर भाव पाडतो.

चेंबूरवर आमचं सगळ्यात जास्त भांडण झालं. मला हवं होतं, यांना नको. चेंबूरची मागणी दोन प्रकारची आहे. एक कायमची, म्हणजे देवनारला टीआयएसएसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) मुलं मुली, बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) बाजूला कामाला असणारे, ईस्टर्न फ्रीवेमुळे फोर्टला गाडीने जाणारे, हार्बर लाईन. दुसरी तात्पुरती, आणि सध्या हीच मोठी आहे, रिडेव्हलपमेंट. टिळकनगर, सुभाषनगर, जिकडे बघाल तिकडे म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर चाललेत. एक बिल्डिंग रिकामी झाली की चाळीस पन्नास कुटुंबं एकदम रस्त्यावर, सगळ्यांना त्याच गल्लीत घर हवं असतं कारण मुलांची शाळा, आईचा डॉक्टर, भाजीवाली सगळं तिथेच. भाडं बिल्डर देतो, त्यामुळे घासाघीस कमी. यापेक्षा चांगला भाडेकरू नाही, घर स्वतःचं असल्यासारखं ठेवतात. पण ह्यांचं म्हणणं होतं की चार वर्षांनी हीच कुटुंबं नव्या टॉवरमध्ये परत जातील, आणि त्याच टॉवरमध्ये बिल्डरचे विक्रीचे फ्लॅट पण तयार होतील, ज्यातले कितीतरी इन्व्हेस्टर घेणार आणि भाड्याला काढणार. म्हणजे भाडेकरू कमी आणि फ्लॅट जास्त, दोन्ही एकाच वर्षी. मी आठवडाभर ऐकून घेतलं नाही, मग टिळकनगरमध्ये एका रविवारी फिरून बांधकाम चालू असलेले प्लॉट मोजले, एकाच रस्त्याला सात. तेव्हा पटलं. तरी सांगते, चेंबूर स्टेशनला चालत जाता येईल, आणि कारखान्यांच्या वासाच्या बाजूला नाही अशी जागा मिळत असेल तर ती सोडू नका, तिथे नुसत्या रिडेव्हलपमेंटवर सगळं अवलंबून नाही. वास आहे की नाही ते दुपारी कळत नाही, रात्री जेवल्यावर जाऊन बघा.

बोरिवली, कांदिवली, दहिसर हा पट्टा शांत लोकांसाठी. मेट्रो 2ए आणि 7 जानेवारी 2023 मध्ये पूर्ण सुरू झाल्या तेव्हापासून अंधेरी गोरेगावला ऑफिस असणाऱ्यांना लोकलची मारामारी न करता जाता येतं. भाडेकरू बहुतेक कुटुंबं, एकदा आली की शाळेमुळे तीन चार वर्षं हलत नाहीत, घर रिकामं राहत नाही. पण किमतीच्या मानाने भाडं कमी. एक कोटी दहाच्या फ्लॅटला सव्वीस हजार सांगितलं. शिवाय दोन सोसायट्यांमध्ये आत शिरायच्या आधी विचारलं की भाडेकरू व्हेजच ठेवणार ना, म्हणजे आम्ही कोण हा प्रश्न नंतर. मला ते मनाला लागलं हा एक भाग झाला, पण पैशाच्या बाजूनेपण बघा, जी सोसायटी मासे खाणारा नको, बॅचलर नको, अमुक धर्माचा नको म्हणते ती तुमचे निम्मे भाडेकरू दारातूनच परत पाठवते, आणि रिकाम्या महिन्याचा मेन्टेनन्स भरायला ती सोसायटी येत नाही.

मुलुंड आमचंच, त्यामुळे मी निष्पक्ष लिहू शकणार नाही. स्टेशनपासून दहा मिनिटांत चालत असेल तर चांगलं, एलबीएस मार्गाच्या पलीकडे मेट्रोचं काम संपेपर्यंत धूळ आणि ट्रॅफिक धरून चाला.

आता मरोळ, जिथे आम्ही घेतलं. अंधेरी पूर्व म्हटलं की आधी नकोच वाटायचं, साकीनाक्याचा ट्रॅफिक, पावसाळ्यात अंधेरी सबवे बंद, हॉर्नचा आवाज. पण भाडेकरू कोण हा प्रश्न टाकला की उत्तरं थांबतच नाहीत. सीप्झ (निर्यात करणाऱ्या कंपन्यांची वसाहत), एमआयडीसी, चकाला, विमानतळावर काम करणारे, हॉटेलवाले, सेव्हन हिल्सच्या बाजूची हॉस्पिटलची माणसं. मेट्रो 1 वर्सोवा घाटकोपर 2014 पासून होतीच, आणि आम्ही शोधत असतानाच, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, मेट्रो 3 आरे ते बीकेसी सुरू झाली. मरोळ नाका हे दोन्ही लाईनवर आहे. म्हणजे एका बाजूला घाटकोपरला सेंट्रल रेल्वे, दुसऱ्या बाजूला अंधेरी, खाली उतरलं की बीकेसी, आणि ऑक्टोबर 2025 पासून तीच लाईन सिद्धिविनायक, वरळी, चर्चगेट करत कफ परेडपर्यंत जाते. हे स्टेशन आम्हाला ब्रोकरने नाही दाखवलं, आम्ही सोमवारी सकाळी साडेआठला मरोळ नाक्याच्या जिन्याजवळ उभे राहिलो आणि गळ्यात आयकार्ड घातलेली माणसं कुठल्या कुठल्या गल्ल्यांमधून येतायत ते बघितलं. दोन गल्ल्यांमधून रीघ लागली होती. त्याच दोन गल्ल्यांमध्ये मग फ्लॅट शोधला.

बिल्डिंग नव्वदच्या दशकातली, चार मजली, लिफ्ट नाही, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट 385 चौरस फूट. रंग उडालेला. पण मला तीन गोष्टी आवडल्या आणि तिन्ही खालीच दिसल्या. जिन्याखाली लेटर बॉक्सची लाकडी फळी होती, सोळा खण, त्यातल्या पाच खणांवर मालकाच्या नावाखाली कागदाच्या चिठ्ठ्या डकवलेल्या, एका खणावर तर एकावर एक चार चिठ्ठ्या, वरची ताजी. म्हणजे इथे भाडेकरू येतात जातात, सोसायटीला सवय आहे आणि खण रिकामा राहत नाही. दुसरं, गेटबाहेर इस्त्रीवाल्याची टपरी. त्याच्याशी बोललो तर त्याने गाठोडी दाखवली, प्रत्येकावर खडूने रूम नंबर, आणि कुठल्या रूमचे शर्ट आहेत, कुठल्या रूमचे युनिफॉर्म, कोण गेल्या महिन्यात सोडून गेलं आणि त्या जागी किती दिवसांत नवीन आलं हे सगळं त्याला तोंडपाठ. "आठ दस दिन से ज्यादा कोई खाली नहीं रहता", म्हणाला. एकाही ब्रोकरने इतकी खरी माहिती दिली नाही. तिसरं पाणी, सकाळी सहा ते साडेआठ, टाकी स्वतःची, टँकरची पावती वर्षभरात एकही नाही, हे सेक्रेटरींनी हिशोबाची वही उघडून दाखवलं.

वाईट पण सांगते. बाथरूमच्या छताला ओल होती, वरच्या मजल्यावरून. विकणाऱ्याने त्यावर नवा रंग मारून ठेवला होता, रंग ताजा आणि फक्त त्याच कोपऱ्यात, म्हणून हाताने दाबून बघितलं तर पापुद्रा सुटून आला. त्यावरून दोन लाख कमी करून घेतले आणि ते सगळे वॉटरप्रूफिंगमध्येच गेले. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. विमानांचा आवाज आहे. लग्नसराईत बाजूच्या हॉलचा डीजे. एवढं सगळं असूनपण भाडेकरूला चालतं, कारण स्टेशन सहा मिनिटांवर आहे, मी स्वतः माझ्या पायाने मोजलंय.

पैशाचा हिशोब पूर्ण मांडते, कारण इथेच लोक फसतात. फ्लॅट 1 कोटी 3 लाखाला पडला. मुंबईत स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 5, आम्ही माझ्या एकटीच्या नावावर घेतलं म्हणून 1 लाख 3 हजार वाचले, 5 लाख 15 हजार भरले. रजिस्ट्रेशन 30 हजार. ब्रोकर एक टक्का. सोसायटीची ट्रान्सफर फी, ती जास्तीत जास्त 25 हजार घेता येते असा सरकारचा नियम आहे, आमच्याकडे आधी त्यावर वेगळं "डोनेशन" मागितलं होतं, आम्ही नियम दाखवून नम्रपणे नाही म्हटलं आणि विषय तिथेच संपला. वॉटरप्रूफिंग, रंग, गिझर, किचनचा ओटा मिळून दोन लाख साठ हजार. सगळं मिळून 1 कोटी 12 लाखाच्या थोडं वर.

भाडं ठरलं 34 हजार. ब्रोकरच्या भाषेत वर्षाला 4 लाख 8 हजार, म्हणजे जवळजवळ चार टक्के, मस्त. पण ब्रोकर एक महिन्याचं भाडं आमच्याकडून पण घेतो. पहिल्या वर्षी कामं आणि शोधाशोध यात एक महिना रिकामा गेला. मेन्टेनन्स महिन्याला 3,600. वर्षभरात प्लंबर, गिझरची कॉइल, दाराचं कुलूप यात पंधरा हजार. हे सगळं वजा केलं तर हातात 2 लाख 80 हजार राहिले, 1 कोटी 12 लाखांवर अडीच टक्के. बँकेची एफडी याच्या दुपटीहून जास्त देते. हे आकडे बघून यांना दोन दिवस वाईट वाटत होतं. मी म्हटलं, एफडीचं व्याज दहा वर्षांनी वाढलेलं नसेल, भाडं वाढलेलं असेल, आणि जमीन आपली राहील. पण ज्यांना रिटायरमेंटनंतर महिन्याचा खर्च यातूनच भागवायचाय त्यांनी मुंबईत भाड्यासाठी फ्लॅट घेऊ नये, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सुद्धा सांगितलं असतं.

प्रॉपर्टी टॅक्सचं बरं आहे, 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेने 2022 पासून माफ केलाय, छोटा फ्लॅट घ्यायचं हे एक मोठं कारण. इन्कम टॅक्सला भाड्यातून 30 टक्के सरळ वजा होतात, खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. नॉन ऑक्युपन्सी चार्जेसबद्दल (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते) मात्र डोळे उघडे ठेवा. आमच्या पहिल्या बिलात ते दोन हजार लावले होते. नियम असा आहे की सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि सर्व्हिस चार्जेस म्हणजे अख्खा मेन्टेनन्स नव्हे, त्यात पाणी, टॅक्स, सिंकिंग फंड, रिपेअर फंड येत नाहीत. आमच्या 3,600 मध्ये सर्व्हिस चार्जेस निघाले 1,700, म्हणजे महिन्याला 170 रुपये. सेक्रेटरी काका सत्तरीचे, त्यांना खरंच माहीत नव्हतं, मी 2001 चा सरकारी आदेश प्रिंट काढून नेला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि बाकीच्या चार मालकांची बिलं पण त्यांनीच दुरुस्त केली.

ॲग्रीमेंट. कृपा करून नोटरीवर भागवू नका. मुंबईत लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हे भाड्याचं ॲग्रीमेंट, रजिस्टर करणं कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय, केलं नाही तर दंड किंवा कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खर्च तरी किती, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, आमचे अकरा महिन्यांचे साडेनऊशेच्या आसपास झाले, रजिस्ट्रेशन 1000, ऑनलाईन, घरी बसून अंगठे. आणि मुदत संपून भाडेकरू गेला नाही तर रजिस्टर्ड ॲग्रीमेंट असलेल्या मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) जाता येतं, वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात बसावं लागत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाईन द्यायची ती पण त्याच दिवशी देऊन टाका.

आमच्याकडे दोघी मुली राहतात, एक कोल्हापूरची, सीप्झमध्ये कामाला, दुसरी नागपूरची, बीकेसीला जाते. सोसायटीत एकदोघांनी मुली एकट्या कशा म्हणून विचारलं होतं. मॉडेल उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) भाड्याने द्यायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवून ॲग्रीमेंटची आणि पोलीस माहितीची कॉपी द्यायची असते, ती आम्ही दिली आणि पेढे घेऊन त्या दोघींची सगळ्यांशी ओळख पण करून दिली. आता शेजारच्या काकू त्यांची पार्सलं घेऊन ठेवतात. वर्षभरात भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. मार्चमध्ये रिन्यूअलला ब्रोकरने परत एक महिन्याचं भाडं मागितलं, पण नवीन काही शोधायचं नव्हतं, मुली त्याच, घर तेच, म्हणून ॲग्रीमेंट आम्हीच ऑनलाईन केलं आणि त्याला पाच हजार देऊन मोकळं केलं. नवीन भाडं 36 हजार. कोल्हापूरची म्हणाली, मावशी, बाथरूमची ओल परत दिसतेय, पावसाळ्याआधी बघाल का. प्लंबरला मेच्या पहिल्या आठवड्यात बोलावलंय, वरच्या मजल्याच्या मालकांशी पण बोलून झालंय, निम्मा खर्च ते देतायत.

दादाचा वाटा अजून बँकेतच आहे, त्याचं आणि वहिनीचं मन मुलुंडवर आहे. येत्या बुधवारी दोघांना घेऊन जातेय, वहिनीला सकाळी साडेआठला स्टेशनच्या पुलाखाली उभी राहा म्हणून सांगितलंय, फ्लॅट त्यानंतर बघू.